यंदाची प्रदर्शनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा झाला की संग्रहालयाचा फोन वाजायला लागतो. काही जण व्हॉट्सॲपवर विचारतात, काही जण दाराशी ठेवलेल्या अभिप्रायाच्या वहीत प्रश्न लिहून जातात. जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते शक्यतो तुमच्याच शब्दांत इथे घेतले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. यंदा काय काय बघायला मिळणार आहे?

चार प्रदर्शनं आहेत. दिवाळीनंतर मराठवाड्यात विणलेली वस्त्रं येतील: पैठणी, हिमरू आणि मशरू. संक्रांत झाली की अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला, आणि त्या नकला करणाऱ्या माणसांचा इतिहास. होळीच्या सुमारास तेर, भोकरदन आणि पितळखोरा इथल्या शिल्पांवर आणि हस्तिदंती कामावर छायाचित्रांचं प्रदर्शन लागेल. उन्हाळ्याच्या सुट्टीत पैठण शैलीची कथाचित्रं, खास मुलांसाठी. नेमक्या तारखा दारावरच्या फलकावर लागतात.

एकदाच येणं जमणार असेल तर संक्रांतीनंतर या. अजिंठा पाहिलेल्या माणसालाही तिथे नवं काही सापडेल, का ते प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे.

२. सुट्टी कोणत्या दिवशी असते? अजिंठा-वेरूळसोबत एकाच फेरीत जमेल का?

आम्ही सोमवारी बंद असतो. अजिंठाही सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, हे बाहेरगावच्या पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा. मुक्काम दोन दिवसांचा असेल तर त्यात सोमवार येऊ देऊ नका. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा सुमारे १०० किलोमीटर आहे, वेरूळ ३० च्या आसपास. अजिंठ्याच्या दिवशी दुसरं काही ठरवू नये, पायऱ्या चढून-उतरून माणूस थकलेला असतो. वेरूळच्या दिवशी सकाळी लेणी आणि दुपारी संग्रहालय असं आरामात होतं.

३. पावसाळ्यात एकही नवं प्रदर्शन का नसतं? आणि लागलेलं प्रदर्शन तीन महिन्यांत का उतरवता?

पावसाळ्याचं कारण दमटपणा. कागद आणि रेशीम हवेतला ओलावा शोषतात, फुगतात, आणि हवा कोरडी झाली की आक्रसतात. हे वारंवार झालं की रंगाचा थर सुटायला लागतो. बुरशी धरते ती वेगळीच. आपल्याकडे जूनपर्यंत हवा इतकी कोरडी असते की ओठ फुटतात, आणि पहिला मोठा पाऊस पडला की दोन-चार दिवसांत भिंतीला ओल येते. अशा दिवसांत नाजूक वस्तू पेटीबाहेर काढणं आम्हाला पटत नाही.

तीन महिन्यांचं कारण उजेड. ते पुढच्याच उत्तरात आहे.

४. दालनात इतका अंधार का? माझ्या आईला काहीच नीट दिसलं नाही.

ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि ती रास्त आहे. पण कारण ऐकून घ्या. कापड, हातकागद, जलरंग आणि पोथ्या यांच्यावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड टाकू नये असा जगभरच्या संग्रहालयांचा संकेत आहे. भर दुपारच्या उन्हात हाच आकडा १ लाखाच्या घरात जातो. उजेडाने उडालेला रंग परत येत नाही. शिवाय उजेडाचा हिशेब साठत जातो: आज दोन तास, उद्या दोन तास, असं सगळं मिळून नुकसान ठरतं. म्हणून आम्ही दिवे मंद ठेवतो आणि तीन महिने दाखवलेलं वस्त्र पुढे बराच काळ पेटीत विश्रांतीला ठेवतो.

आईंसाठी दोन गोष्टी सांगते. दालनाबाहेरच्या बाकावर पाच-सात मिनिटं बसून मग आत या, डोळे मंद उजेडाला सरावतात आणि पदरावरची मुनिया, म्हणजे छोट्या पक्ष्याची नक्षीसुद्धा दिसायला लागते. दुसरं, तिकीट खिडकीवर भिंग मागा, ते द्यायचे पैसे घेत नाहीत. उन्हातून थेट आत आलेल्या कुणालाही पहिली काही मिनिटं अंधारच वाटणार.

५. मोबाइलवर फोटो काढले तर चालतात का?

फ्लॅश बंद ठेवून चालतात. ज्या वस्तू कुणी तरी आम्हाला काही दिवसांसाठी दिलेल्या आहेत, त्यांच्या चौकटीशेजारी कॅमेऱ्यावर काट मारलेलं चिन्ह असतं, तिथे नको. हयात चित्रकारांच्या कामाबद्दल प्रश्न १३ पाहा.

६. अजिंठा इथून दोन-अडीच तासांवर आहे. मूळ चित्रं सोडून नकला कशाला बघायच्या?

कारण काही नकलांमध्ये आज भिंतीवर नसलेलं चित्र शिल्लक आहे.

१८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीच्या निमित्ताने वाघूर नदीच्या त्या वळणावर पोचला आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर आपलं नाव कोरून गेला. त्यानंतर लेण्यांकडे माणसांचा ओघ सुरू झाला, आणि चित्रांच्या नुकसानीलाही वेग आला. १८४४ च्या सुमारास मेजर रॉबर्ट गिल याला नकला करण्याच्या कामावर नेमलं गेलं. त्याने आयुष्यातली कित्येक वर्षं त्या दरीत काढली. त्याच्या मोठ्या तैलनकला लंडनला गेल्या, तिथल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये टांगल्या गेल्या, आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कला शाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन हिवाळ्यांमागून हिवाळे अजिंठ्याला येत राहिले. पेस्तनजी बोमनजी त्याच विद्यार्थ्यांपैकी. ते कामही लंडनला गेलं आणि १८८५ मध्ये तिथल्या संग्रहालयाच्या आगीत त्यातला मोठा भाग गेला. एकाच चित्रांच्या नकला दोनदा जळाव्यात, हे वाचताना आजही मन हळहळतं.

तिसरी फेरी १९०९ ते १९११ ची. इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत बंगालहून चित्रकार नंदलाल बोस आणि असितकुमार हालदार आले, हैदराबादहून सय्यद अहमद आणि फजलुद्दीन काझी आले. लेण्यांमध्ये उजेड कमी, वटवाघळांची घाण, मधमाश्यांची पोळी. तशात उभं राहून त्यांनी रेषा उतरवून घेतल्या. नंदलाल बोसांच्या पुढच्या कामात अजिंठ्याची रेषा ओळखू येते.

या सगळ्यांच्या नकला एकसारख्या नाहीत. तैलरंगात केलेली नक्कल मूळ चित्रापेक्षा जड आणि काळपट दिसते. जलरंगातली मूळच्या जास्त जवळ जाते, कारण अजिंठ्याची चित्रंही पातळ, कोरड्या रंगांची आहेत. प्रदर्शनात आम्ही एकाच चित्राच्या वेगवेगळ्या काळातल्या नकलांच्या छापील प्रती शेजारी शेजारी लावणार आहोत. पहिल्या प्रतीत असलेला हात पुढच्या प्रतीत नाही, तिथे नुसता मातीचा पोपडा आहे. हे मूळ लेण्यात उभं राहून कळत नाही.

काही नुकसान तर काळजीपोटी झालेलं आहे. नकला करणाऱ्यांनी रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर वॉर्निश फिरवलं. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले, त्यांनी निखळणारा गिलावा भिंतीला पक्का बसवला, पण वर दिलेला लाखेचा थर पुढे पिवळा-तपकिरी पडला. तो उतरवण्याचं काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ वर्षानुवर्षं करत आले आहेत.

७. पद्मपाणीसमोर उभं राहिल्यावर नेमकं काय बघायचं?

पद्मपाणी म्हणजे हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला तो आहे. सगळे आधी मुकुट बघतात. तुम्ही भुवईपासून सुरुवात करा. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत रेषा कशी एका दमात आली आहे ते बघा, मग पापणी. डोळे खाली झुकलेले आहेत, तुमच्याकडे बघत नाहीत. मग उजव्या हातात धरलेलं कमळ: देठ बोटांत इतका अलगद आहे की पकड अशी नाहीच. नाकावर, हनुवटीवर उजळ रंगाचा हात दिला आहे, त्यामुळे सपाट भिंतीवरचा चेहरा पुढे आल्यासारखा वाटतो.

रंगांचंही बघा. लाल आणि पिवळा गेरू, हिरवी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हे सगळं जवळपासचं. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, आणि तो दगड अफगाणिस्तानातून यायचा. भिंत तयार करायला माती, भाताचा तूस आणि वनस्पतींचे धागे कालवून गिलावा दिलेला असे, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चित्र. गिलाव्यात तूस आणि धागे असल्यामुळेच किडे आणि ओल या चित्रांच्या जिवावर उठतात.

८. पैठणीच्या प्रदर्शनात साडी विकत मिळेल का? आणि खरी पैठणी ओळखायची कशी?

संग्रहालयात विक्री नाही. घ्यायची असेल तर पैठणला राज्य शासनाच्या महामंडळाचं पैठणी केंद्र आहे, तिथे माग चालताना बघता येतो. आज सगळ्यात जास्त माग मात्र नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात आहेत.

ओळखायचं तर पदर उलटा करा. पारंपरिक पैठणीत नक्षीच्या प्रत्येक रंगाची वेगळी कांडी (धागा गुंडाळलेली छोटी काडी) असते. विणकर तो धागा त्याच्या रंगाच्या हद्दीपर्यंत नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि मागे वळवतो. त्यामुळे मोर जसा पुढून दिसतो तसाच मागून दिसतो, धागे लोंबत नाहीत. एका पदरावर असं काम करायला आठवडे लागतात, भरगच्च पदराला महिने. यंत्रमागावरच्या नकलेत मागच्या बाजूला सुटे किंवा कापलेले धागे दिसतात.

यात एक अपवाद आहे आणि तो माहीत नसल्याने चांगल्या विणकरांवर उगाच संशय घेतला जातो. जकार्ड, म्हणजे नक्षीचे धागे आपोआप उचलणारं यंत्र, लावलेल्या हातमागावर ब्रोकेड पद्धतीची पैठणी विणतात. तिच्याही मागे धागे असतात. ती हातमागाचीच साडी आहे, फक्त कामाची रीत वेगळी आणि म्हणून किंमतही कमी असायला हवी. दुकानदाराला तेवढं विचारा: पदर कांडीचा की जकार्डचा?

प्रदर्शनात नारळी काठ, आसावली, बांगडी मोर, मुनिया या नक्ष्या जवळून बघता येतील. धूपछाव, म्हणजे कापड हललं की रंग बदलल्यासारखा दिसणं, कशी येते हेही कळेल. ताणा (उभे धागे) एका रंगाचा, बाणा (आडवे धागे) दुसऱ्या, एवढंच त्यामागचं तंत्र आहे.

९. हिमरू आणि पैठणी यांत फरक काय? औरंगाबादी शाल म्हणतात ती कोणती?

शाल हिमरूची. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र विणतात, नक्षीचे जादा धागे मागच्या बाजूला सुटे राहतात आणि त्यामुळे कापडाला ऊब येते. म्हणजे पैठणीत जो दोष मानाल तो इथे गुण आहे. मशरूत वरचा पृष्ठभाग रेशमी आणि अंगाला लागणारी बाजू सुती. मुहंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा दिल्लीकडचे विणकर इकडे आले आणि त्यांच्यासोबत ही कला आली असं मानतात. आज हिमरू हाताने विणणारे फार थोडे उरले आहेत. या प्रदर्शनाचं खरं निमित्त तेच आहे.

१०. माझ्या आजेसासूबाईंची जुनी पैठणी आहे. प्रदर्शनात ठेवायला देऊ शकते का?

जरूर द्या. यंदाच्या प्रदर्शनाचा एक कोपरा घराघरांतून आलेल्या साड्यांसाठीच ठेवला आहे. मालकी तुमचीच राहते. साडी घेताना आम्ही दोघांच्या समक्ष तिचे फोटो काढतो, विरलेली जागा, डाग, काळी पडलेली जर, सगळं लिहून काढतो, दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, विमा उतरवला जातो. परत देताना तोच कागद समोर ठेवून साडी ताडून बघायची. ही लिखापढी अविश्वासाची नाही, उलट तुमच्या वस्तूची किंमत आम्हाला कळते याची ती खूण समजा.

साडी कुणाच्या लग्नातली, कुठून घेतली, किती माहेरं-सासरं फिरून आली, हेही लिहून द्या. फलकावर नाव घालायचं की नाही ते तुम्ही ठरवायचं. आणि कृपा करून आणण्याआधी ड्रायक्लीन करू नका, इस्त्री फिरवू नका.

११. जुनी जरीची साडी घरी कशी ठेवावी?

धुतलेल्या मलमलीच्या किंवा जुन्या सुती धोतराच्या कापडात गुंडाळून. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. घडी दर काही महिन्यांनी बदला, नाही तर साडी घडीवरच चिरते. डांबराच्या गोळ्या आणि अत्तर जरीला लागू देऊ नका. जुन्या जरीत चांदीची तार असते, ती हवेने काळी पडते. ती घासून उजळवायचा मोह आवरा, घासल्यावर वरचा सोन्याचा मुलामाच निघून जातो.

१२. तेरच्या प्रदर्शनात नुसती छायाचित्रंच का? मूळ बाहुली का आणत नाही?

तेरची हस्तिदंती बाहुली तेरलाच बघावी असं आम्हाला मनापासून वाटतं. धाराशिव जिल्ह्यातल्या त्या गावात शासनाचं संग्रहालय आहे. रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतांतून, पांढरीतून (जुन्या वस्तीच्या टेकाडातून), तेरणा नदीच्या काठाने मिळालेल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, त्यातून ते उभं राहिलं. तेर म्हणजे जुनं तगर, दोन हजार वर्षांपूर्वी रोमन व्यापाऱ्यांना ठाऊक असलेली पेठ. इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. तेरची बाहुली तिच्या जवळच्या नात्यातली. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तशाच घडणीची मूर्ती निघाली. भोकरदनचा बाजार करून घरी परतणाऱ्या माणसाला आपल्या पायाखाली हे आहे हे कळावं, म्हणून हे प्रदर्शन.

पितळखोऱ्याच्या यक्षाची गोष्ट वेगळी. कन्नडजवळच्या त्या लेण्यांतला हसरा, बुटका यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे: कान्हदास, पेशाने सोनार. प्राचीन शिल्पकाराचं नाव आपल्याला क्वचितच कळतं. अशी वस्तू आणायची तर ठरावीक तापमान, चोवीस तास पहारा आणि मोठ्या रकमेचा विमा लागतो. तेवढी तयारी होईपर्यंत मोठ्या आकाराची छायाचित्रं दाखवणं हाच प्रामाणिक मार्ग वाटतो. छायाचित्र आहे हे फलकावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

१३. मी चित्रकार आहे. माझं चित्र कुणी विकत घेतलं तर त्याची कॅलेंडरं छापायचा हक्कही त्याला मिळतो का?

नाही. चित्र विकलं म्हणजे कागद किंवा कॅनव्हास विकला. प्रती काढण्याचा हक्क लेखी करारानं दिला नसेल तर तुमच्याकडेच राहतो, तुमच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं. अपवाद असा, की कुणी पैसे देऊन तुमच्याकडून स्वतःसाठी चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कायद्याने तो हक्क काढून घेणाऱ्याचा ठरतो. लग्नाची, वडीलधाऱ्यांची व्यक्तिचित्रं काढून देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं आणि एक साधा कागद करून घ्यावा.

स्थानिक चित्रकारांना छोटं दालन दिलं जातं. दहा-बारा चित्रांचे फोटो आणि चार ओळींची माहिती पाठवा.

१४. शाळेची सहल आणायची आहे. मुलांना चित्रं काढू द्याल का?

हो, आणि काढू द्याच. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणारी मुलं असतील तर आधी कळवा, संकल्पचित्रासाठी काठ-पदराच्या नक्ष्या त्यांना सावकाश उतरवता येतील. दालनात फक्त पेन्सिल. पेन, स्केचपेन, पाण्याच्या बाटल्या, भेळ बाहेर.

उन्हाळ्यातल्या पैठण शैलीच्या प्रदर्शनात मुलांना कथा ऐकायलाही मिळेल. ही चित्रं हातकागदावर असतात, दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले. कथेकरी एकेक चित्र हातात धरून रामायण-महाभारतातला प्रसंग सांगत जायचा. मोठे डोळे, ठसठशीत रेषा, मागच्या बाकावरच्या मुलालाही दिसेल अशी. पुण्याच्या केळकर संग्रहालयात यांचा मोठा साठा आहे. आमच्याकडे त्यांच्या प्रती असतील, म्हणून त्या मुलांच्या हातात देता येतील. सकाळी आणा. एप्रिल-मेच्या दुपारी लहान मुलांना घेऊन निघू नका.

१५. अंगणातल्या गणपतीला हळदकुंकू वाहिलं तर चालेल का?

हात जोडा, कुणी अडवणार नाही. पण हळद, कुंकू, तेल, दूध दगडाला लावू नका. दगडाच्या बारीक छिद्रांत ते मुरतं, त्यावर धूळ बसते, बुरशी येते, आणि साफ करताना कोरीव कामाची धार जाते. मूर्तीसमोर परडी ठेवली आहे, फूल तिच्यात ठेवा.

१६. नांगरताना शेतात मूर्ती (किंवा नाणी) सापडली. तुमच्याकडे आणून देऊ का?

आधी काही हलवू नका. वस्तू कुठे, किती खोल, कोणत्या मातीत आणि कशाशेजारी होती, यावरून तिचं वय कळतं. ती उचलून गाडीत घातली की अर्धी माहिती गेली. मोबाइलवर फोटो काढा, जागेवर खूण करा, तलाठ्यांना कळवा. जमिनीत दडलेलं १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काहीही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे आणि तो आजही लागू आहे. कळवणाऱ्या शेतकऱ्याची जमीन त्यामुळे जप्त होत नाही. ही भीती आम्ही वारंवार ऐकतो आणि तिच्यापायी कितीतरी वस्तू परत मातीत किंवा विहिरीत जातात. नाणी घासू नका, मूर्तीला शेंदूर लावू नका.

१७. आणि वाड्यात पिढ्यानपिढ्या असलेली मूर्ती किंवा पोथी? ती सापडलेली नाही, आमचीच आहे.

तिला प्रश्न १६ चा कायदा लागत नाही, १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो. १०० वर्षांपेक्षा जुनं शिल्प किंवा चित्र पुरावस्तू ठरतं. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोल असलेल्या हस्तलिखितासाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. शिल्पं, चित्रं आणि सचित्र पोथ्या यांची नोंदणी करून घ्यावी लागते. नोंदणी झाली तरी मालक तुम्हीच, देव्हाऱ्यात ठेवून पूजाही करू शकता. देशाबाहेर मात्र नेता येत नाही, मुलाच्या परदेशातल्या घरी शोभेला म्हणूनसुद्धा नाही. नोंदणीमुळे आणखी एक फायदा होतो: वस्तू चोरीला गेली तर ती तुमची होती हे फोटोसकट सिद्ध करता येतं. अर्ज भरायला मदत हवी असेल तर वस्तू न आणता फक्त तिचे चारही बाजूंचे फोटो आणि मापं घेऊन या.